हिवाळी वादळवाऱ्यात घर, कोठा आणि गंजी कशी सांभाळावी

पावसाळ्याची तयारी आपल्याकडे विदर्भात कुणाला शिकवावी लागत नाही. मृग लागण्याआधी कवेलू (कौले) फेरले जातात, टिनाची भोके डांबराने बुजवली जातात, कुटार (जनावरांचा भुसा) कोठ्यात म्हणजे गोठ्यात भरले जाते आणि सरपणाच्या पऱ्हाट्या (कापसाची वाळली झाडे) आडोशाला रचल्या जातात. हिवाळ्यासाठी मात्र अशी तयारी कुठल्याच घरात होत नाही, कारण हिवाळा म्हणजे थंडी आणि थंडीला दुलई व शेकोटी पुरते, एवढाच आपला हिशेब असतो. वास्तविक घरातला सगळा पैसा याच काळात उघड्यावर पडलेला असतो. तुरीची गंजी वावरात असते, कापूस ओसरीत असतो, मृग बहाराची संत्री झाडावर असतात आणि हरभरा सवंगणीच्या वाटेवर असतो. चार महिन्यांच्या पावसात छपराचे आकडे गंजून सैल झालेले असतात, वासे भिजून पुन्हा वाळताना तडकलेले असतात, आणि तरी पुढच्या मे महिन्यापर्यंत कुणी वर चढून पाहत नाही. हिवाळ्यातला अर्ध्या तासाचा वारा पावसाळ्यातल्या आठवडाभराच्या झडीपेक्षा अधिक नुकसान करून जातो तो यामुळे. म्हणून दिवाळी आटोपली की घराची दुसरी पाहणी व्हायला हवी, आणि ती कशी करावी हेच येथे सविस्तर मांडले आहे.

हे वादळ क्वचित येते, असे समजून चालणार नाही. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी विदर्भ आणि मराठवाड्यात गारा पडल्या. डिसेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात, ऐन थंडीत, पुन्हा तेच झाले. त्यामागचे कारण समजून घेतले तर लक्षणे ओळखता येतात. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे हवेचे विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे सरकतात. त्यांच्या मागून येणारी कोरडी, थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट, उबदार हवा मध्य भारतावर समोरासमोर आली की ढग उंच चढतात आणि त्यांच्या पोटातून गार वाऱ्याचा लोट जमिनीवर आदळतो. त्यामुळे वादळाच्या एकदोन दिवस आधी थंडी अचानक गायब होते. पहाटे शेकोटीची गरज वाटत नाही, आभाळ भरून येते, दुपारी अंगाला चिकचिक लागते. जानेवारीत असा उबारा आला की घरातली मोठी माणसे 'हे काही खरे नाही' म्हणतात, आणि त्यांचे ते म्हणणे हवामानशास्त्राला धरूनच असते.

नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देते. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. याशिवाय पुढच्या तीन तासांपुरता तात्काळ अंदाजही दिला जातो, आणि घरात बसून निर्णय घ्यायला तोच सर्वाधिक उपयोगी पडतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप मोबाईलवर ठेवावे. इशाऱ्यात 'वाऱ्याचा वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर' असे लिहिलेले असते तेव्हा तो आकडा किरकोळ समजू नये. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, म्हणजे ताशी ३० च्या वाऱ्यात जे टिन नुसते फडफडते, त्यावर ताशी ६० च्या वाऱ्यात चारपट जोर येतो.

छप्पर: सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नीट

टिन वाऱ्याच्या धक्क्याने उडते असा समज आहे. प्रत्यक्षात वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढत असतो, आणि त्याच वेळी उघड्या दारा-खिडकीतून आत शिरलेला वारा त्याला खालून उचलत असतो. टिनाचा सर्वांत कमजोर भाग म्हणजे वळचणीची कड, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्याजवळची जोड. मधले टिन सहसा आधी जात नाही. कडेचे एक टिन उचलले गेले की त्याच्या खालून वारा पुढच्या टिनाला पकडतो, आणि मग पत्त्यांसारखे सगळे छप्पर सुटत जाते.

आपल्याकडे यावर सर्वमान्य उपाय म्हणजे टिनावर दगड ठेवणे. हा उपाय मी मनापासून बंद करायला सांगतो. फेब्रुवारी २०१८ च्या त्या दुपारी आमच्या घराच्या मागच्या बाजूचे टिन उचलले गेले, तेव्हा त्यावरचा पाट्याएवढा दगड घरंगळत खाली आला आणि अंगणातल्या खाटेवर पडून तिचा माचवा मोडला. त्या खाटेवर आईने मुगवड्या वाळत घातल्या होत्या आणि आभाळ पाहून ती त्या नुकत्याच आत घेऊन गेली होती. खाटेच्या तुटलेल्या दोऱ्यांत अडकलेला तो दगड पाहिल्यावर आमच्या घराने छपरावर पुन्हा दगड ठेवला नाही. जोराच्या वाऱ्यात दगड टिनाला धरून ठेवत नाही आणि टिन वाकले की तो खाली माणसावर येतो. वजन ठेवणे भागच असेल तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती अर्ध्यापर्यंत भरून, तोंड शिवून, दोन-दोन पोती एका मजबूत दोराने जोडावीत आणि तो दोर आढ्यावरून टाकून एक पोते या उतारावर, एक त्या उतारावर राहील असे ठेवावे. अशी जोडी घसरत नाही आणि एक पोते फाटले तरी रेती सांडते, डोके फुटत नाही. तरीही हा तात्पुरता उपाय आहे, हे विसरू नये.

खरा उपाय आकड्यांचा आहे. टिन ज्या बल्लीवर किंवा लोखंडी अँगलवर टेकते, तेथे ते आकड्याने, म्हणजे इंग्रजी जे अक्षरासारख्या वाकवलेल्या सळईने, आवळलेले असते. दिवाळीनंतर एक दिवस काढून शिडी लावावी आणि प्रत्येक आकडा हाताने हलवून पाहावा. हलला तर नट आवळावा, गंजून पातळ झाला असेल तर बदलावा, आणि नटाखालचे रबरी किंवा डांबरी वॉशर चिरले असेल तर तेही नवे घालावे, कारण चिरलेल्या वॉशरजवळ टिनाचे भोक मोठे होत जाते आणि एके दिवशी आकडा जागेवर राहून टिनच त्यातून निसटते. मधल्या भागात आकडे थोडे लांब-लांब असले तरी चालतात. वळचणीच्या व टोकाच्या कडांवर मात्र एकाआड एक नळीवर आकडा असावा. आकडा नेहमी टिनाच्या उंच नळीवर घ्यावा, खोलगट भागावर घेतला तर पाणी तेथून झिरपते.

टिन बल्लीला घट्ट आणि बल्ली भिंतीला सैल, अशी घरे गावात पुष्कळ आहेत. अशा घराचे छप्पर सुटत नाही, ते अख्खेच्या अख्खे उचलले जाते. मातीच्या किंवा विटांच्या भिंतीवर बल्ली नुसती टेकलेली असेल तर जाड गॅल्व्हनाइज्ड तारेचे तीन-चार पदर बल्लीवरून घेऊन, भिंतीत फूटभर खाली आडव्या घातलेल्या सळईला किंवा खांबाला पिळून बांधावेत. ज्यांना हे लगेच जमणार नाही त्यांनी निदान जाड दोर छपरावरून आडवे टाकून, घराच्या दोन्ही अंगांना जमिनीत तिरक्या ठोकलेल्या, हातभर खोल गेलेल्या खुंट्यांना ताणून बांधावेत. सुती दोर भिजून आवळतो आणि वाळल्यावर सैल पडतो, म्हणून नायलॉनचा बरा.

वळचण भिंतीपासून दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नये. उन्हापासून सावली मिळावी म्हणून आपण ती तीन-चार फूट काढतो आणि वाऱ्याला धरायला कडच देतो. सावली हवीच असेल तर ओसरीचे टिन घराच्या छपराला जोडून न घेता, त्याच्या खालून वेगळ्या खांबांवर घ्यावे, म्हणजे उडालेच तर ओसरीचे उडेल आणि घराचे राहील. कवेलूच्या घराला आढ्यावर आणि वळचणीच्या शेवटच्या दोन ओळींवर चुन्याचा किंवा सिमेंटचा पट्टा द्यावा. गारांनी कवेलू फुटतातच, म्हणून पन्नासेक जुने कवेलू सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) राखून ठेवावेत. वादळानंतर ते बाजारात सहज मिळत नाहीत.

छपरावरच्या इतर वस्तूही पाहाव्यात. पाण्याची प्लॅस्टिकची टाकी रिकामी असेल तर ती फुग्यासारखी उडते, आणि भरलेली असेल तर जागची हलत नाही. डिशची छत्री, सोलर पॅनेलची चौकट, मुलांनी वर टाकलेली जुनी चाके, यांतले जे घट्ट बांधता येत नाही ते खाली आणावे.

झाड, मंडप आणि गर्दीचा निवारा

९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे मंदिराच्या टिनाच्या शेडमध्ये भाविक जमले असताना वादळात जुने कडुनिंबाचे झाड शेडवर कोसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. महिना एप्रिलचा असला तरी ही गोष्ट हिवाळ्यालाही तंतोतंत लागू पडते, कारण आपल्याकडे भागवत सप्ताह, लग्ने आणि यात्रा याच काळात असतात आणि जेवणावळी टिनाच्या शेडमध्ये किंवा कापडी मंडपात बसतात. पाऊस आला की माणसे उलट मंडपात धावतात. मंडपाचे कापड शिडासारखे वारा धरते, खांब जमिनीत हातभरसुद्धा नसतात आणि त्यांवरूनच दिव्यांच्या तारा गेलेल्या असतात. ज्या दिवशी नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी कार्यक्रमाच्या यजमानांनी जवळची शाळा, समाजमंदिर किंवा स्लॅबची दोन-चार घरे आधी बोलून ठेवावीत आणि वारा सुटताच जनरेटर बंद करून पंगत तेथे हलवावी. अन्न वाया गेले तर गेले, त्याचा विचार नंतर करता येतो.

घराजवळच्या झाडांपैकी कोणते धोक्याचे, हे त्याच्या वयापेक्षा बुंध्यावरून ठरते. बुंध्याला पोकळी असेल, मुळाजवळ छत्र्या उगवत असतील, एका बाजूची मुळे रस्ता किंवा नाली खोदताना तोडली गेली असतील किंवा झाड घराकडे कलत चालले असेल, तर फांद्यांचा भार कमी करून घ्यावा. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या मात्र स्वतः तोडू नयेत. वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून, पुरवठा बंद करवून, त्यांच्याच माणसाकडून त्या काढून घ्याव्यात.

कोठा, कुटार आणि गंजी

तुरीची गंजी वाऱ्यात दोन प्रकारे जाते. एक तर झाकण उडते आणि माल भिजतो, नाहीतर झाकणासकट वरचा थरच वाहून जातो. ताडपत्रीच्या कडांना दगड लटकवणे ही येथेही चुकीचीच सवय आहे, कारण वाऱ्यात ते दगड झोके घेतात, ताडपत्रीचे डोळे फाडतात आणि जवळ गेलेल्याला लागतात. गंजी मुळात उंच जागी, खाली पऱ्हाट्यांचा किंवा लाकडांचा थर देऊन, माथ्यावर घुमटासारखी निमुळती रचावी, म्हणजे पाणी साचत नाही आणि वाऱ्याला सपाट बाजू मिळत नाही. ताडपत्री जमिनीपर्यंत येईल एवढी मोठी घ्यावी, तिची कड चर खोदून मातीत दाबावी आणि वरून दोराचे जाळे करून ते खुंट्यांना बांधावे. भंडारा-गोंदियाकडे धानाची पुंजणी आणि तणसाचे ढीग याच पद्धतीने राखता येतात. उघडीप मिळताच ताडपत्री काढून टाकावी. आत कोंडलेल्या दमटपणाने शेंगा काळ्या पडतात आणि दाण्याला कोंब येतात, आणि वादळातून वाचलेला माल आळसामुळे जातो.

कापसाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो घरातच असतो. भाव वाढण्याची वाट पाहत खोलीभर कापूस ठेवणारी घरे यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे गल्लोगल्ली आहेत. लाईट गेली की त्याच घरात मेणबत्ती, चिमणी किंवा कंदील पेटतो. कापसाच्या खोलीत उघडी ज्योत कोणत्याही कारणाने नेऊ नये, बॅटरीच न्यावी, आणि तीही सापडेल अशी दारामागच्या खुंटीला कायम टांगलेली असावी. कापसाच्या ढिगाला बाहेरच्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे आणि खाली लाकडी फळ्या किंवा मेणकापड अंथरावे. जो भाग भिजला असेल तो कोरड्या कापसात मिसळू देऊ नये, वेगळा काढून उन्हात पातळ पसरावा.

चूल बाहेर असेल तर आभाळ भरताच ती विझवावी आणि नुसते राखेने न झाकता पाणी ओतून निखारे थंड करावेत. पावसाआधी वारा येतो, आणि त्या कोरड्या दहा मिनिटांत एक ठिणगी पऱ्हाट्यांच्या ढिगात, तेथून कुटारात आणि कुटारातून कोठ्याच्या छपरात जाऊ शकते.

जनावरांबाबत अनेकदा गोंधळ होतो, तो त्यांना सोडावे की बांधावे याचा. कोठा पक्का असेल तर जनावरे आत ठेवून वाऱ्याच्या बाजूला तट्टा किंवा गोणपाट लावावे. कोठा डळमळीत असेल तर वारा सुटण्याआधी ती सोडून, झाडे, तारा आणि टिनांपासून दूर असलेल्या आवारात घ्यावीत. दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधावे आणि कोठ्याच्या दाराला एक धारदार विळा टांगून ठेवावा, कारण छप्पर खाली आल्यावर घाबरलेल्या बैलाची भिजलेली गाठ बोटांनी सुटत नाही. शेळ्या, करडे आणि कोंबड्या गारांपेक्षा नंतरच्या थंडीने जास्त मरतात. त्यांना आधीच घरात किंवा कोरड्या जागी घ्यावे, आणि भिजल्याच तर गोणपाटाने पुसून कोरड्या कुटारावर बसवावे.

आदल्या दिवशी

इशारा मिळाला की करायची कामे थोडी आहेत, परंतु लाईट गेल्यावर त्यांतले एकही करता येत नाही. गावातली चक्की बंद पडते, म्हणून चार दिवसांचे पीठ दळून आणावे. नळयोजनेची मोटर बंद पडते, म्हणून पिण्याचे पाणी झाकून भरून ठेवावे, आणि हापशी चालू आहे की नाही तेही बघून घ्यावे. मोबाईल चार्ज करावेत आणि वादळात ते वाजवत बसू नये. रोजच्या गोळ्या घेणारी म्हातारी माणसे घरात असतील तर आठवड्याची औषधे आणून ठेवावीत. दिवस भरत आलेली बाई घरात असेल तर तिला तालुक्याच्या ठिकाणी आदल्याच दिवशी नेलेले बरे, कारण रस्त्यावर झाड पडले की १०८ ची गाडीही पलीकडेच थांबते. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक आणि विम्याची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवावी आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये घ्यावा.

त्याच दिवशी घराचे, कोठ्याचे, गंजीचे आणि उभ्या पिकाचेही फोटो काढून ठेवावेत. याचे महत्त्व पंचनाम्याच्या वेळी कळते.

वादळ आल्यावर कोण कोठे थांबणार, हेही आदल्या दिवशीच ठरवावे. टिनाच्या घरात गारा पडू लागल्या की आवाज इतका होतो की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि आई मुलाला हाक मारत राहते व मूल दुसऱ्या खोलीत रडत राहते. एखादी शिट्टी घरात असावी आणि ती वाजली की सगळ्यांनी ठरलेल्या कोपऱ्यात यायचे, हे मुलांना खेळ म्हणून एकदा करून दाखवावे. तो कोपरा म्हणजे स्लॅबखालची जागा, आणि ती नसेल तर दोन भिंती जेथे मिळतात तो आतला कोपरा. घर मातीचे आणि जुने असेल तर शेजारच्या घरकुलात जायला संकोच करू नये.

वारा सुटल्यावर

दारे-खिडक्या कडी घालून बंद कराव्यात, विशेषतः वाऱ्याच्या तोंडावरच्या. मेन स्विच पाडावा. उडणारे टिन धरायला कुणी बाहेर जाऊ नये. सुटलेल्या टिनाची कड कोयत्यासारखी लागते, आणि दोन माणसांनी धरले तरी ते थांबत नाही. गारा कवेलू फोडून आत येऊ लागल्या तर मजबूत खाट किंवा टेबलाखाली शिरून डोक्यावर जाड गोधडी घ्यावी.

सर्वांत मोठा धोका वावरात असलेल्यांना असतो. शेतीची लाईट अनेकदा रात्री असल्यामुळे गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी माणसे रात्री वावरात असतात, आणि रानडुकरांमुळे जागलीलाही जातात. एका ओलिताची पाळी चुकली तर पीक मरत नाही. इशाऱ्याच्या रात्री घरच्यांनी हट्टाने माणूस घरी ठेवावा. गेलेलाच असेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत, आणि तीसच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या चारचाकीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मचाण, एकटे झाड, विहिरीची मोटर, स्टार्टर, तारेचे कुंपण आणि झटका मशीनची (जनावरांना विजेचा झटका देणाऱ्या कुंपणाची) तार यांपासून दूर राहावे. जवळ काहीच आसरा नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून, डोके गुडघ्यांत घालून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि दोघे-तिघे असतील तर एकमेकांपासून लांब बसावे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला न भिता, श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दाब देणे लगेच सुरू करावे आणि १०८ ला कळवावे.

नंतरची रात्र

वादळ निघून गेले की आपण सुटलो असे वाटते, परंतु हिवाळ्यातल्या वादळाचा दुसरा अंक तेव्हा सुरू होतो. आभाळ मोकळे होते, उत्तरेची कोरडी हवा येते आणि पारा झपाट्याने उतरतो. विदर्भातली थंडी सौम्य असते, असे म्हणणाऱ्यांनी २९ डिसेंबर २०१८ ची नागपूरची पहाट आठवावी. त्या दिवशी किमान तापमान ३.५ अंश नोंदले गेले होते. छप्पर अर्धे गेलेले, अंथरुणे ओली आणि माणसे भिजलेली असताना दहा-बारा अंशांची रात्रही म्हाताऱ्यांना व तान्ह्या मुलांना पुरे पडते.

आधी ओले कपडे काढावेत, मग पांघरूण घ्यावे. ओल्या लुगड्यावर घेतलेली कोरडी दुलई तासाभरात ओली होते. घरातल्या दोन गोधड्या मेणकापडात गुंडाळून पेटीत ठेवायची सवय यासाठीच लावावी. गोड, गरम चहा किंवा पेज द्यावी. दारूने ऊब येते हा समज घातक आहे, तिने अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर पडते. थरथरणारा माणूस थरथरायचा थांबून बरळू लागला किंवा त्याला झापड येऊ लागली, तर तो सावरला असे समजू नये. तसे होणे म्हणजे प्रकृती गंभीर झाली आहे, त्याला दवाखान्यात न्यावे.

आणि शेगडी. दारे-खिडक्या बंद करून, फटींत चिंध्या कोंबून, मधोमध कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवून झोपण्याची चूक अशाच रात्री होते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धूरही दिसत नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. शेकोटी बाहेर, आडोशाला करावी आणि शेकून झाल्यावर आत येऊन एकमेकांजवळ झोपावे. जनरेटर असेल तर तोही घराबाहेरच चालवावा.

सकाळी

उजाडल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. तुटलेली तार जमिनीवर असेल तर ती मेलेली आहे असे कधीच धरू नये. तिच्यापासून किमान दहा मीटर अंतर ठेवावे, ओल्या जमिनीवर तर अधिकच, आणि आपण आधीच जवळ असलो तर पाय न उचलता, घासत-घासत लहान पावलांनी मागे यावे. डीपीवरचा उडालेला फ्यूज बांबूने बसवण्याचे धाडस गावात कुणी तरी करतोच. त्याला अडवणे हे घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे काम आहे.

दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढावेत. फोटोत घराचा ओळखू येणारा भाग, तारीख आणि ठिकाण दिसावे. मग तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) यांना कळवावे. मदत पंचनाम्यावर ठरते आणि शेतीपिकाच्या सरकारी मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. पंचनाम्याच्या वेळी घरातले जबाबदार माणूस हजर असावे आणि लिहिलेले वाचून मगच सही करावी. पत्रे किती, भिंत किती फूट पडली, धान्य किती क्विंटल भिजले, हे मोजून सांगावे. 'बरेच नुकसान झाले' या वाक्याला कागदावर किंमत नसते. मेलेले जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय पुरू नये आणि त्याच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक फोटोत यावा. पीकविम्याच्या अटी हंगामागणिक बदलत असतात, म्हणून आपल्या पावतीत स्थानिक आपत्तीचे संरक्षण आहे का, हे पेरणीच्या वेळीच विचारून घ्यावे. ते असेल तर ७२ तासांच्या आत नुकसान कळवावे लागते, आणि पंचनाम्याची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाते.

संत्र्याच्या बगीच्यात मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापून जखमेवर दहा टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावावी आणि गळालेली फळे झाडाखाली सडू देऊ नयेत.

छपराची दुरुस्ती करताना एकच आग्रह धरावा. जे टिन उडाले त्याच्या जागी नुसते नवे टिन टाकून गवंड्याला परत पाठवू नये. त्याच शिडीवरून, त्याच दिवशी, उरलेल्या टिनांचे आकडेही आवळून घ्यावेत, आणि तारेचा जो बांध यंदा नव्हता तो घालून घ्यावा. विस्कटलेली सांदवाडी आवरताना बाजूला पडलेले दगड मुले हौसेने पुन्हा छपरावर चढवू लागतात. ते तेथून उचलून वावराच्या धुऱ्यावर नेऊन टाकावेत.